डाख गार होईपर्यंत

सकाळचे ऊन खिडकीच्या गजांतून टेबलावर उतरत होते. आधी त्याने लाकडावरचे जुने, जळके डाग उजळले, मग कथलाच्या तारेचे वेटोळे, मग रेडिओची धूळ बसलेली कड. कुठल्याही घरात येते तसेच, कसलीच घाई नसलेले ऊन. हेडफोनच्या सोललेल्या वायरीपाशी मात्र ते थबकल्यासारखे झाले.

टेबलाशी बसलेल्या धाकट्या भावाने वायरीच्या सांध्याला कथलाचा डाख द्यायची सळई तापवली. राळेचा धूर वर गेला.

दादा होडी घेऊन समुद्रावर गेला, त्याला ऋतू उलटला होता. रोज सकाळी रेडिओवर हौशी रेडिओवाल्यांची हजेरी होई. एकेकाचे नाव पुकारले जाई, जो तो ओ देई; होडीवर रेडिओ नेलेल्या दादाचेही नाव येई. त्याच्या नावामागोमाग हेडफोनमध्ये नुसती खरखर उठे. "दादा बोलला असणार, वहिनी. वायरीनं खाल्लं," असे म्हणून तो तोच सांधा पुन्हा उकलून बसे.

वहिनीची बॅग भरलेली होती. तिला न्यायला आलेले तिचे वडील बाहेरच्या खोलीत ताटकळले होते. वायर दुरुस्त झाल्याखेरीज ती घर सोडणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

"एवढ्या वेळात कुणी नवी होडी बांधली असती, भावजी," ती हसली. मग हसू ओसरले. "आज वायर मी धरते. डाख गार होताना तुम्ही ती हलवता."

त्याने मान वर केली नाही. गार होताना हललेला सांधा आतून तडकतो, हे दादानेच त्याला शिकवले होते.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्यापासून. मलाही ती खरखर हवीच होती."

तिने चिमट्यात वायर धरली. कथील वितळले, पसरले, थिजले. तिचा हात हलला नाही.

हेडफोनची एक बाजू तिने कानाला लावली, दुसरी त्याने. आवाज लख्ख येऊ लागले. कुणाचा खोकला, कुणाच्या पाठीमागे भुंकणारे कुत्रे. मग दादाचे नाव आले. पुकारणारा थांबला, इतरांसाठी थांबे त्याहून थोडा अधिक. आकाशाची संथ सळसळ तेवढी ऐकू येत होती. तिच्यात कुणीही नव्हते. पुढचे नाव पुकारले गेले.

"बाबा, आलेच मी," वहिनी आतूनच म्हणाली.

दादा बुडाला होता.