आतलं कार्ड

चार वाजायला वीस मिनिटं होती आणि आतलं कार्ड अजून मेलेलंच होतं.

"होईल ना रे?" नानाय पुरिंगने विचारलं. सगळेच तिला नानाय, म्हणजे आई, म्हणायचे.

"होतंय, नानाय. दोन मिनिटं." अशी दोन मिनिटं अर्नेल दुपारपासून मागत होता.

फिलिपिन्समधल्या गिमारास बेटाच्या धक्क्याजवळ त्याचं इंटरनेटचं दुकान. सगळा कारभार एका जुनाट लिनक्स कॉम्प्युटरवर. त्यात नेटवर्कची दोन कार्डं: एक बाहेरच्या लाइनचं, दुसरं दुकानातल्या फोन-कॉम्प्युटरांचं. परवा वीज पडली आणि आतलं जळालं. अर्नेलने त्याच खाचेत नवं बसवलं. पण हे जुनं लिनक्स कार्डाला त्याच्या अंगावरच्या नंबराने ओळखायचं. 'ईथ-वन' हे नाव त्याने जळालेल्या कार्डासाठी राखून ठेवलं आणि नव्याला 'ईथ-टू' म्हणून हाक मारली. दुकानातली सगळी जोडणी मात्र ईथ-वनच्या नावावर. मेलेल्याचा एवढा मान कशाला ठेवायचा, देव जाणे.

पाचच्या बोटीने नानायला इलोइलोच्या इस्पितळात जायचं होतं. उद्या हृदयाचं ऑपरेशन. "रॅमिलशी बोलल्याशिवाय मी बोटीत पाय ठेवणार नाही," असं तिने डॉक्टरलाही बजावलं होतं. रॅमिल तिचा एकुलता एक, अर्नेलचा शाळेपासूनचा दोस्त, मालवाहू जहाजावर खलाशी. त्याचा फोन दर रविवारी चारला इथेच यायचा. दहा मिनिटं, बस्स.

अर्नेलने घाईत नावांची यादीच पुसून टाकली आणि मशीन पुन्हा चालू केलं. आता नावांची अदलाबदल झाली. आतलं बाहेरचं, बाहेरचं आतलं. त्याला रडू फुटायचंच बाकी राहिलं. त्याने दोन्ही केबली उपटून टेबलावर टाकल्या.

"जरा दमाने घे." नानायने केबली बाजूला सारून बातचोयचा वाडगा ठेवला. "सूप पी आधी. तू आणि रॅमिल एकाच माळेचे मणी. शाळेत एकमेकांची हजेरी द्यायचात. मास्तर बिचारे फसायचे."

"नानाय, आत्ता नको ना!" तो खेकसला आणि लगेच ओशाळला.

या वेळी त्याने यादी हाताने लिहिली. नव्या कार्डाचा नंबर, एकेक अक्षर तपासत, आणि त्याच्यापुढे मेलेल्याचं नाव: ईथ-वन. मशीन पुन्हा चालू झालं. त्याने आतली केबल खुपसली. चारला तीन मिनिटं कमी होती. हिरवा दिवा लुकलुकला.

"घ्या, हा फोन धरून बसा. मी मागचं एक मशीन बघून येतो."

तो गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. बाहेरची केबल वाडग्याशेजारी तशीच पडून होती.

मागच्या खोलीत एकच टेबल होतं. जहाज बुडाल्याचं कंपनीचं पत्र दहा महिने त्याच्याच खणात पडलं होतं. अर्नेलने घाम पुसला, हेडफोन लावला, घसा खाकरला आणि पुढच्या खोलीतल्या फोनचा नंबर फिरवला.

"नानाय, मी रॅमिल."

"बोल, बाळा. जाते मी ऑपरेशनला, काळजी करू नकोस," ती म्हणाली. "आणि फार वेळ बसू नकोस, त्या खोलीत पंखा नाही. बाहेर ये, तुझं सूप गार झालंय."