बारमाही पाणी

हिलाल नानांच्या विहिरीला बारमाही पाणी आहे, असं सारिकानं लिहिलं आणि तिला मनातून गुदगुल्या झाल्या. हे शेवटचं घर. बेचाळीस घरं, बेचाळीस जबाब, आणि एकही जबाब पंडित सरांच्या पुस्तकाबाहेर गेला नव्हता.

पस्तीस वर्षांपूर्वी सर याच गावात ओट्या-ओट्यांवर बसून प्रश्नावली भरून गेले होते. स्वातंत्र्यानंतर एक गाव कसं स्वयंपूर्ण झालं, यावर त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं आणि सरांचं नाव झालं. आता त्यांच्याच मार्गदर्शनाखाली त्याच गावाची पुन्हा पाहणी सारिकाच्या पीएचडीसाठी. "गप्पा मारत बसू नकोस. प्रश्न विचार, उत्तर लिही. विकास असाच मोजतात," असं सरांनी बजावलं होतं. तिला खरं तर गुरुवारी यायचं होतं. सरपंच फोनवर म्हणाले, "गुरुवार सोडून केव्हाही या, मॅडम." म्हणून बुधवारीच ती चाळीसगावहून पहिल्या एसटीनं आली आणि घरटी दहा मिनिटांत एकेक कागद भरत गेली.

"मुलगा?"

"धाकला नवल. बारावी शिकेल शे. चौतीस वर्सना."

"घरात नळ?"

"शे ना. दोन टाइम पाणी."

तेवढ्यात बाहेर लांबलचक हॉर्न वाजला. सारिकासाठी चहा घेऊन आलेल्या ताईबाईंनी, नानांच्या बायकोनं, कपबशी दारातच ठेवली, हंडा उचलला आणि त्या पळत सुटल्या. आत्तापर्यंत गुडघे धरून चालणारी सत्तरीची बाई!

सारिका ओट्यावर आली. पारापाशी टँकर उभा होता आणि त्याच्याभोवती माणसांचा नुसता गलका. "नळाला इतकं पाणी, की तोटी बंद करावी लागते," असं सकाळी सांगणारी पुनम दुसरीच्या हातातून पाईप ओढत होती. दोन विहिरी लिहून देणारे वना आबा टँकरच्या गळतीखाली तांब्या धरून बसले होते. सारिका एकेक चेहरा ओळखत गेली. बेचाळीस घरं तिच्या हातातल्या कागदांत सुखी होती आणि तीच घरं समोर हंड्यावर हंडा आपटत भांडत होती.

"नाना, हे काय?"

नानांनी मान खाली घातली. "टँकर उद्या येवाना व्हता. आज कसा उना, देव जाणे."

"पण मला सगळ्यांनी खोटं का सांगितलं?"

"पोरी, तू काय इचारं? जमीन कितली, विहीरले पाणी शे का, घर पक्कं शे का, पोरगा कितला शिकेल शे. हाई कोन इचारस? सोयरीक कराले येणारा पाव्हना इचारस. तेले घरनी उणीव सांगतस का कोनी? बठ्ठं गाव असंच सांगस. टँकरना वार सोडीसनच पाव्हनास्ले बलावतस."

"आणि पंडित सरांना?"

"तेस्ले बी मीच सांगं. असीच वही लिसन उनात. आम्हले वाटनं, पोर देवावालास्ना माणूस शे." नाना हसले. "चांगला माणूस. पुस्तकमा आम्हना गावनं नाव छापं. फक्त ती धरणनी पाईपलाईन आम्हले सोडीसन पुढे गयी. शेजारना अकरा गावस्ले पाणी भेटनं. आम्हले काबरं नही, ते आजलोंग समजनं नही."

सारिकाला समजलं. त्या पाणीयोजनेच्या समितीचा अहवाल तिनं दोनदा वाचला होता. 'हे गाव पाण्याबाबत स्वयंपूर्ण असल्याने वगळले आहे.' खाली आधार दिला होता पंडित सरांच्या पुस्तकाचा, पान त्र्याण्णव. आपल्या सरांचं नाव सरकारी अहवालात बघून तिनं त्या ओळीखाली मोठ्या कौतुकानं रेघ मारली होती.

ती ओट्यावर बसली. सांगू नये असं वाटत होतं, पण तिनं सांगितलं.

"मन्हा जबाबना पायी?" नानांनी विचारलं.

समोरून ताईबाई येत होत्या. हंडा अर्धाच भरला होता, लुगडं भिजलं होतं. त्यांनी आधी पेला भरून सारिकापुढे ठेवला. नाना त्या पेल्याकडे बघत राहिले.

"नाना, मी सगळे कागद नव्यानं भरते," सारिका म्हणाली. सरांचं पुस्तक पडेल, सर सही करणार नाहीत, पीएचडी लटकेल, हे तिला दिसत होतं. "या वेळी खरं लिहिते."

"लिख," नाना म्हणाले. "बठ्ठं खरं लिख."

तिनं कोरा कागद काढला. वर हिलाल नानांचं नाव लिहिलं.

"पन आखाजीना सणलोंग थांबशी का, माय?" नानांनी दोन्ही हात जोडले. "रईवारले नवलले देखाले पाव्हना येई ऱ्हायनात."