गठ्ठ्यातल्या पेशी

प्रयोगशाळेत तिची सुई पुन्हा घसरली. केसाच्या हजाराव्या भागाइतकं बारीक टोक, ते एकाच पेशीत शिरवायचं आणि आत काय चाललंय ते बघायचं. औषध लागू पडलं असेल तर पडद्यावरची रेघ खाली येते. एवढंच काम. पण डोळ्यांची पार वाट लागते हो!

बशीतल्या पेशी तिच्या बाबांच्या होत्या, पोटातल्या गाठीतून काढलेल्या. औषध चालू ठेवायचं की नाही, ते या रेघेवरून ठरवू, असं डॉक्टर म्हणाले होते. औषधाने बाबांना घास उतरत नव्हता. पण रेघ रोज खाली येत होती, म्हणून ती दमूनभागूनही खुशीत होती.

"कुठल्या टोचल्यास?" सरांनी मागून विचारलं.

"या सुट्या, फुगीर."

"आणि हा चिकटून बसलेल्या पेशींचा गठ्ठा?"

"तिथे सुई घसरते, सर. मोडतेसुद्धा. आपण सगळेच सोडून देतो की!"

सर खुर्ची ओढून जांभई देत बसले. ती मात्र गठ्ठ्याकडे बघत राहिली. सोप्या तेवढ्याच टोचल्या आणि स्वतःच स्वतःला फसवलं, दुसरं काय!

मग ती गठ्ठ्याच्याच मागे लागली. दोन-तीन सुया मोडल्या. शेवटी एक शिरली. रेघ जागची हलली नाही. शेजारच्या पेशीत तेच, तिच्या शेजारच्या पेशीतही तेच. औषध त्या सुट्या, फुगीर, मरायला टेकलेल्या पेशींनाच मारत होतं. बाकीच्या मजेत होत्या.

तिने डॉक्टरांना कळवलं. बाबांना मीच सांगते म्हणाली. जिन्यात उभं राहून फोन लावला. काय बोलायचं ते मनात घोकलं होतं, पण बाबांचा आवाज ऐकला आणि सगळं विसरली.

"बाबा, औषध लागू पडत नाहीये. माझंच बघण्यात चुकलं. उद्यापासून बंद करणार आहेत." ती रडायलाच लागली.

पलीकडून बाबांनी केवढा तरी मोठा सुस्कारा सोडला.

"सुटलो बुवा एकदाचा! अगं, कधीपासून नको झालं होतं मला. पण तू रोज फोनवर इतकी खूश असायचीस, कुठल्या तोंडाने सांगणार?"