राखाडी कार्ड

"फोटो कपाचा काढणार, आणि पाटी मी धरायची?" खुर्चीत बसता बसता बाबा म्हणाले.

तिने सांगितलं, आधी उजेड नीट बसायला हवा, मग तिथे कप ठेवायचा. तोवर कपाच्या जागी कुणीतरी हवं.

"म्हणजे मी रुमाल. जागा धरायला टाकलेला."

ती हसली नाही, कॅमेऱ्यातून बघत होती. दुपार ढगाळ होती म्हणून तिने टेबलावरचा दिवा लावला होता. फोटोग्राफीच्या वर्गात घरातली एखादी वस्तू टिपून आणायला सांगितली होती, तीही रॉमध्ये. म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःची अक्कल न चालवता, समोर होतं तसं. बाबांनी राखाडी कार्ड हनुवटीखाली धरलं, चेहरा पाडला आणि चौकीत आणलेल्या कैद्यासारखं समोर बघितलं. तिने दोन-तीनदा बटण दाबलं.

"झालं. सरका आता."

ते सरकले. जरा पडतो म्हणाले. चहा त्यांनी अर्धाच घेतला होता. तिला कप हवाच होता. उरलेला चहा तिने बेसिनमध्ये ओतला, कप विसळला आणि खुर्चीच्या जागी स्टूल ओढून त्यावर ठेवला.

पुढचा रविवार आला तेव्हा बाबा नव्हते.

सगळं आटोपून दादा त्याच्या गावी परतला आणि तिथून फोन करून म्हणाला, भिंतीवर लावायला बाबांचा अलीकडचा फोटो बघ. ओळखपत्रावरचा नको, त्यात ते वॉरंट निघाल्यासारखे दिसतात. ती बघते म्हणाली. घरात कॅमेरा आल्यापासून बाबांचे फोटो निघाले होते ते तेवढेच, पाटी धरलेले. बाकी सगळा कप होता. डावीकडून, उजवीकडून, वरून.

फ्रेमवाल्याने तिचा पेन ड्राइव्ह लावून पाहिला आणि परत दिला. ही कच्ची फाइल आमच्याकडे उघडत नाही ताई, तुमच्या कॉम्प्युटरवर पक्की करून आणा, म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी ती त्याच टेबलाशी बसली. वर्गात सॉफ्टवेअर शिकवत होते, पण आजवर तिने त्यात कपच सुधारला होता. बेत सोपा होता. आधी रंग बसवायचा, मग खालून कार्ड कापून टाकायचं आणि चेहरा तेवढा ठेवायचा. बाबा होते तसे यावेत, एवढंच तिला हवं होतं. गुळगुळीत केलेले नकोत, उजळवलेले नकोत.

फोटो उघडला. भिंत पिवळी, शर्ट पिवळा, बाबा पिवळे. तिला त्यात काही वाटलं नाही. तो दिव्याचा रंग होता. सर वर्गात म्हणाले होते, आपला डोळा फार समजूतदार असतो. पिवळ्या उजेडातही कागद पांढराच आहे असं मानून चालतो. ज्या उजेडात रोज वावरतो त्याचा रंग त्याला दिसेनासा होतो. कॅमेरा अशी समजूत करून घेत नाही. म्हणून कार्ड धरायचं, त्याचा राखाडी रंग ठरलेला असतो. सॉफ्टवेअरमधला ड्रॉपर त्या कार्डावर टेकवला, की दिव्याचा रंग वजा होतो आणि उरतो तो खरा.

तिने ड्रॉपर कार्डावर टेकवला.

भिंत पांढरी झाली. शर्ट पांढरा झाला, धुऊन धुऊन विरलेल्या कॉलरीसकट. कार्ड राखाडी झालं.

बाबा पिवळेच राहिले.

आपलं काहीतरी चुकलं असं वाटून तिने ते पुसलं आणि कार्डाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर टेकवून पाहिलं. मग शर्टावर. मग भिंतीवर. चेहरा मोठा करून बघितला. बुबुळांभोवती जिथे पांढरं असतं, तिथे हळद कालवल्यासारखा रंग होता. तिने रंगाचा स्लायडर निळ्याकडे ओढला. डोळे हळूहळू पांढरे झाले, पण तोवर भिंत निळी पडली, शर्ट निळा पडला. खोली खरी आली की बाबा पिवळे, बाबा बरे दिसले की खोली खोटी. दोन्ही एकदम जमेना.

नुसत्या डोळ्यांपुरता रंग काढणारा ब्रशही होता. सगळेच वापरतात, असं सर म्हणाले होते. तिने तो उचलला आणि एका डोळ्यावरून फिरवला. तो डोळा लख्ख झाला. त्या बाजूने बाबा अगदी ठणठणीत दिसायला लागले.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं, डोळे कधीपासून पिवळे आहेत. दादा तेव्हा पोचायचा होता. तिनेच उत्तर दिलं होतं, आणि अगदी ठामपणे: आज सकाळपासून. त्याआधी नव्हते, मी रोज बघते ना.

डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून घेतलं होतं.

तिने ब्रशचं काम पुसून टाकलं. डोळा पुन्हा पिवळा झाला. बाबा कार्ड धरून, चेहरा पाडून, तिने सरका म्हणायची वाट बघत बसले होते.

ती स्क्रीनच्या जवळ सरकली.

"बाबा," ती म्हणाली. रिकाम्या घरात स्वतःचा आवाज तिला मोठा वाटला, तरी ती थांबली नाही. "तुमचे डोळे पिवळे दिसताहेत. उठा, शर्ट बदला. डॉक्टरांकडे जाऊन येऊ."