ठासलेला बार

नेमसिंग गेल्यावर त्याची ठासणीची बंदूक संग्रहालयानं मागितली. घासू नका, काळं अंगच तिचं मोल, नुसतं तेलाचं फडकं फिरवा, असं त्यांनी बजावलं होतं. नळी पुसायला त्याच्या लेकानं, विकासनं, गज घातला, तो तळाला न पोचता चार बोटं आधीच अडला. “बार ठासलेला हाय,” आई म्हणाली. “सुनबाईला दिवस गेले तवा तुज्या बापानं भरला. लेकरू झालं की तांड्यात उडवणार व्हते.” जन्मलेलं लेकरू रडलंच नाही, त्याला नऊ वर्षं झाली. “मंग काढला काहून न्हाई?” “म्हणायचे, आज ना उद्या पाळणा हालंल. मरेस्तोवर त्येच.” भरलेली बंदूक कोणी घेणार नव्हतं. विकासनं नळीत तेल सोडून दारू भिजवली, गजाच्या आकड्यानं वर ठासलेली चिंधी ओढली आणि दारू काढायला नळी पालथी धरली. उंबऱ्यात बसलेली बायको उठून जवळ आली. “खाली नका सांडू, चूल पेटलीय,” म्हणत तिनं पदर पसरला.