मोडीचा भाव

आईच्या कपाटातला एक डबा ठण्णकन फरशीवर पडला, तेव्हा सकाळपासून न बोलता आवराआवर करणाऱ्या आम्ही दोघी बहिणी एकदम वळलो. आत चांदीची दोन जुनी नाणी निघाली, दोन कापडी पिशव्यांत. एकीवर आईने दोऱ्याने ताईचं नाव भरलं होतं, दुसरीवर माझं.

दुपारी माझ्या लेकीला कडेवर घेऊन आम्ही बाजारातल्या नाणेवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून ताईचं नाणं पाहिलं. "वा! अगदी कोरं. हौशी माणूस याचे चांदीच्या वीसपट देईल." मग माझं उचललं. "याचं तर सालही वाचता येत नाही. हे मोडीत जाईल, वजनाच्या भावाने."

"शेंडेफळा, तोंड नको पाडूस," ताई हसली.

माझा नुसता जळफळाट झाला. शेवटची सहा वर्षं आईचं सगळं ताईनेच केलं, कबूल. पण म्हणून तिचं एवढं जपायचं आणि माझं कुठेही टाकायचं?

"माझ्याच नाण्याची अशी दशा कशी झाली हो, काका?" मी फणकाऱ्याने विचारलं.

"दशा कसली, पोरी? कुणीतरी वर्षानुवर्षं हे मुठीत धरून त्यावरून अंगठा फिरवत बसलं असणार. त्याशिवाय चांदी इतकी गुळगुळीत होत नाही."

ताईचं हसू मावळलं. माझ्या कडेवरून वाकून लेकीने ताईच्या हातातल्या कोऱ्या नाण्याला बोट लावलं.



"आई, मावशीचं नाणं आजीने कधीच हातात नाही घेतलं?"