चिमूटभर जास्त

चांगदेवची जुनी गाडी पळताना ठीक असायची. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की थरथरायची आणि बंद पडायची. परवा ती कळंबच्या फाट्यावर अडून बसली, आणि मागच्या सीटवरच्या बायकोचं, चिमाबाईचं, डायलिसिस हुकलं. वारूळवाडीच्या कासम मेकॅनिकनं आज पुन्हा कार्बोरेटर खोलला. बारीक भोकात तीच राखाडी पूड.

"टाकीत काही टाकता का, राव?"

"पेट्रोल! दुसरं काय, ताक?"

कासमनं भोक फुंकून साफ केलं. इंजिन शांत चालू लागलं. गोष्ट इथंच संपायची, पण निघताना चांगदेवनं खिशातून अंगाऱ्याची पुडी काढली. एक बोट बायकोच्या कपाळाला लावलं, एक स्टिअरिंगला, आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं.

"अहो, हे कशाला?"

"दाक्तर म्हनले, आता आमच्या हातात काय न्हाई. म्हनलं, माझ्या हातात हाये ते तरी करू. हिला पाण्यातनं देतो, गाडीला पेट्रोलमधनं. बंद पडायला लागल्यापासनं गाडीला चिमूटभर जास्तच टाकतो."

कासम सांगायला पुढं झाला. काचेआडून चिमाबाई त्या पुडीकडं टक लावून बघत होती. तो तिथंच थांबला आणि हातातला पाना पुसू लागला.

"कासमभाऊ, सापडलं का, काय व्हतं ते?" चांगदेवनं विचारलं.

"न्हाई," कासम म्हणाला. "पण दर खेपेला दवाखान्यात जायच्या आधी इकडं आणत जा. मी साफ करून देत जाईन."